परसातल्या न्हाणीचा शॉवर

नळ फिटिंगचं काम करणाऱ्याकडे किस्से साचायला वेळ लागत नाही. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्याने नळाच्या आत पांढरा थर चढतो, तसे ते चढत जातात. लोक नळवाल्यासमोर मनातलं सगळं बोलून जातात. आपलं डोकं बेसिनखाली असतं ना, त्यांना वाटतं याला ऐकूच येत नाही!

मी तसाही फार बोलत नाही. नववीत शाळा सुटली, मग हनीफ चाचांकडे काम शिकलो आणि आता त्यांच्या बरोबरीने करतो. तिसरा गजू वायरमन. जळगाव जामोदला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीवर आम्ही तिघं बसलेले असतो. गिऱ्हाईक तिथेच येतं. चाचा बोलतात, गजू वाद घालतो आणि मी पाइप कापतो.

आमच्याकडचे किस्से पुष्कळ आहेत, पण इथे एकाच घरातले सांगतो. ताडे काकांच्या. काम साधं होतं. पुढच्या बाथरूममधला गिझर काढून परसातल्या न्हाणीत लावायचा आणि तिथल्या शॉवरला जोर आणायचा. चाचा म्हणाले, "दो दिन का काम हाये, शुभ्या."

नऊ दिवस लागले!

*

पहिल्या दिवशी चाचांना दुकानात सामान काढून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी मला एकट्याला पुढे पाठवलं. मी कडी वाजवली.

"कोण हाये?" आतून काकूंचा आवाज.

माझं नेमकं या प्रश्नावर अडतं. 'मी' म्हणावं, तर कोण मी? नाव सांगावं, तर नावाने कोण ओळखतं? मी विचार करत उभा राहिलो. काकूंनी दार उघडलं, माझ्या खांद्यावरची पिशवी बघितली आणि म्हणाल्या, "मंडळाची वर्गणी कालच देल्ली." दार बंद!

मी पुन्हा कडी वाजवली.

"देल्ली म्हटलं ना बापा!"

तिसऱ्यांदा कडी वाजवल्यावर दार उघडलं तेव्हा मला शब्द सुचेना, म्हणून मी पिशवीतून मोठा पाइप पाना काढून वर धरला. काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि घरात बघून ओरडल्या,

"अवो, आता हत्यार घिऊन आले वर्गणीवाले!"

*

ताडे काकांनी उभी हयात बस चालवली. घाटात, चिखलात, लग्नाच्या सीझनमध्ये. मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं, पण उजवा हात आला नाही. डावा हात भिंतीच्या आधाराला लागतो. मग लोटा कोणत्या हाताने धरणार? खाली बादलीत वाकलं की चक्करही येते.

म्हणून शॉवर. पुढच्या बाथरूमला दोन पायऱ्या आहेत, त्या त्यांना चढवत नाहीत. परसातली न्हाणी सपाट आहे, पण गिझर पुढे. तिथून पाइप टाकला तर चाळीस फूट जाईपर्यंत पाणी गार होणार. न्हाणीत जुना शॉवर होता, मात्र तो काकूंनी फडकं वाळत घालण्यासाठी ठेवला होता.

"पयले हा पाहू," काका म्हणाले. बनियन आणि टोपी घालून ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर शॉवरखाली बसले. "सोड बे!"

मी नळ पूर्ण उघडला. वरून एक थेंब पडला. मग दुसरा. तिसरा भिंतीवरून ओघळला.

काकांनी टोपी चाचपली आणि वर बघितलं.

"वरतं कोणी थुकून राह्यलं काय?"

*

शॉवरची जाळी खोलली तर आत चुन्यासारखा क्षार. एकूण एक भोक बुजलेलं. मी तो खरवडून कागदावर काढला, पसाभर निघाला. काकूंनी बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "माय वो! म्हंजे हे पाणी आमी पिऊन राह्यलो?"

चाचा तोवर सामान घेऊन पोचले होते. ते शांतपणे म्हणाले, "नाही बाई. हे न प्यालेलं हाये. प्यालेलं तुमच्या आत हाये."

काकू त्या दिवशी आमच्यासाठी चहा ठेवणार होत्या. ठेवला नाही!

मी वर जाऊन टाकी बघून आलो. न्हाणीच्याच स्लॅबवर ती टेकलेली. शॉवरपासून टाकीच्या बुडापर्यंत जेमतेम तीन फूट. पाण्याला जोर येतो उंचीने. त्यात पाइप अर्ध्या इंचाचा, जुना, आतून क्षाराने भरलेला आणि वाटेत सात एल्बो. पाणी बिचारं वळून वळूनच दमत होतं.

मी खाली मोजमाप लिहून घेत होतो. तिथे काका आणि मी दोघंच. काका भिंतीकडे बघत म्हणाले, "संज्या रोज दुकान उघडायच्या आंधी मले आंग धुऊन देते. मी स्टुलावर बसतो, तो साबण लावते. तो बी खाली पाह्यते, मी बी खाली पाह्यतो. कोणी बोलत नाही."

मी टेप पुन्हा लावून तेच माप पुन्हा घेतलं.

"एकट्यानं आंग धुवाचं हाये मले," काका म्हणाले. "दार लावून. बस, एवढंच."

*

संजूभाऊ म्हणजे काकांचा मुलगा. पंचेचाळीसचा, बाजारात चपलांचं दुकान. माणूस सरळ, पण बाबा न्हाणीत पडतील या भीतीने त्याचा जीव अर्धा झालेला. संध्याकाळी तो आला आणि त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "बाबा, एक ट्रायल. शॉवरनं आंगावरचा साबण निघाला पायजे, पाणी गरम पायजे, तुमचा तोल राह्यला पायजे. नाही जमलं तर पयल्यासारखं मीच धुऊन देईन. मंग हा विषय बंद."

"हाव," काका म्हणाले. "बंद."

दुसऱ्या दिवशी संजूभाऊ स्वतः जाऊन शॉवर घेऊन आला. चौकोनी, चकचकीत, पुरणपोळीच्या ताटाएवढा! दुकानदाराने त्याला सांगितलं होतं की मोठ्या शहरात हाच चालतो.

चाचांनी तो उलटसुलट केला. "संजूभाऊ, याले दोनशे भोकं हायेत. आपल्या टाकीचं पाणी दोनशे जागी वाटलं तर हरेकाच्या वाट्याले काय येईन?"

"मंग?"

"छोटा पायजे. जितके भोकं कमी तितका जोर."

संजूभाऊ तो परत करायला निघाला, पण काकूंनी अडवलं. छोटा शॉवर वेगळा आणावा लागला. मोठा कुठे गेला ते आम्हाला चार दिवसांनी कळलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन विटांवर ठेवलेला, त्यावर गरम शेवया आणि खाली परात!

"लय मस्त निथळते," काकू म्हणाल्या.

*

जोराचं काय करायचं यावर मोठी बैठक झाली. गजूचं म्हणणं, टाकी हलवायची कशाला, प्रेशर पंप लावा. "बटन दाबलं की धो धो पाणी! टाकी उचलाची झंझट कायले?"

चाचा म्हणाले, "टाकी वरतं न्या. स्टँड बनवा सहा फुटाचं. पाणी आपलं आपण येते, त्याले बटन लागत नाही."

"चाचा, जमाना कुठं गेला!"

"जमाना जाऊ दे बे. पाणी खालीच येते अजून."

संजूभाऊला पंप पटत चालला होता. मला टाकीचं पटत होतं, पण मी बोललो नाही. काका डोळे मिटून खुर्चीत बसले होते. झोपले असं वाटलं. गजूने पंपाचे फायदे बोटांवर मोजायला घेतले, तिसऱ्या बोटावर आला आणि पंखा थांबला. लाइन गेली.

काकांनी डोळे न उघडता डावा हात डोक्यावर ठेवला.

"आता माह्या डोक्याले साबण हाये असं समज."

गजूने बोटं मिटली. टाकी वर न्यायचं ठरलं!

*

लोखंडी स्टँड तयार होऊन आलं. आता टाकी रिकामी करायची. हजार लिटरची टाकी भरलेली असताना कोण उचलणार? पण आमच्याकडे नळ रोज येत नाही. आला त्या दिवशी घरातली वाटीसुद्धा भरून ठेवतात. चाचा सहज म्हणाले, "बाई, नालीत सोडून देऊ." काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की चाचांनी लगेच वाक्य बदललं, "म्हंजे, नाही सोडत."

मग काकूंनी घरातलं भांडं न् भांडं बाहेर काढलं. हंडे, कळश्या, पातेली, टोप, कुकर. ते भरले तेव्हा शेजारच्या बायकांना हाक गेली. त्यांनी आपापले ड्रम मोकळे करून दिले. दिवसभर गल्लीत पाइप फिरत होता. संध्याकाळी टाकी वाजवून बघितली, रिकामी. दुसऱ्या दिवशी आम्ही ती दोर लावून सहा फूट वर चढवली, नवा एक इंचाचा पाइप सरळ खाली आणला आणि फक्त दोन एल्बो ठेवले. चाचा खाली उतरले आणि बिडी पेटवायला बसले.

काकू समोर उभ्या. मागे गल्लीतल्या चार बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर हंडा.

"घ्या," काकू म्हणाल्या.

"काय घ्या?"

"पाणी. वरतं टाका ना आता. वाया कायले घालाचं?"

मी शिडीवर, गजू मध्ये, चाचा खाली. हंडा वर जात होता, रिकामा खाली येत होता. दुपार झाली. कुकरमधलं पाणीसुद्धा वर गेलं! शेवटच्या हंड्याला चाचा शिडीला टेकून म्हणाले, "शुभ्या, आता मले बी टाकीत टाकून दे."

*

गिझर न्हाणीत बसला. गजूने नवी वायर ओढली, अर्थिंग केलं, स्विच न्हाणीच्या बाहेर काढला. गरम पाण्याचा नळ मी डाव्या बाजूला आणि काकांच्या खांद्याच्या उंचीवर घेतला, म्हणजे बसल्या बसल्या फिरवता येईल. बाजूला भिंतीत धरायला दांडा. शॉवरला आता असा जोर आला की काकांची टोपी पहिल्याच फटक्यात खाली!

काका हसले. पण पाणी कोमट. गिझर तापायला अर्धा तास ठेवला तरी दोन मिनिटांत कोमट.

गजू म्हणाला कॉइल चांगली आहे. चाचा म्हणाले थर्मोस्टॅट गेला असेल. तो बदलला. तरी कोमट. मी पूर्ण लाइन पुन्हा तपासली, सांधे बघितले. काही सापडेना. संजूभाऊ रोज सकाळी विचारायचा, "झालं काय?" आणि उत्तर न ऐकताच बाबांना घेऊन न्हाणीत जायचा. दार उघडंच असायचं. आतून फक्त लोट्याचा आवाज.

तिसऱ्या सकाळी मी परसात उकिडवा बसून विचार करत होतो. समोर काकू भांडी घासत होत्या. त्यांच्या परातीतून वाफ निघत होती.

मी बघत राहिलो. मग लक्षात आलं. शॉवरच्या पाइपचा भिंतीतला जुना तुकडा आम्ही साफ करून तसाच ठेवला होता, त्यातूनच एक फाटा परसातल्या भांड्यांच्या नळाला गेलेला होता. मी गरम पाणी त्या पाइपला जोडलं आणि फाटा बंद करायला विसरलो. चूक पूर्ण माझी. गिझरचं बहुतेक गरम पाणी भांड्यांवर जात होतं.

"काकू," मी म्हणालो, "हे पाणी किती दिवसापासून गरम येऊन राह्यलं?"

"तीन दिवस झाले. लय चांगलं केलं बापा तुमी. मले वाटलं, एक गरम नळ माह्यासाठी बी बसवला!"

मी फाटा बंद करायला पाना काढला, तर काकूंनी नळावर हात ठेवला. "याले हात नको लावू."

"काकू, काकांचं पाणी गार होते."

त्यांनी थोडा विचार केला. हातातली कढई खाली ठेवली. "असं कर. याले एक कॉक बसव. यांचं आंग धुणं होईपर्यंत बंद. मंग माही पाळी."

कॉक बसवला. पाणी कडक आलं.

*

ट्रायल नवव्या दिवशी सकाळी झाली. आमचं काम संपलं होतं, सामान बांधून झालं होतं, पण तिघांपैकी कोणीच निघालं नाही. गजू नसलेली वायर तपासत होता.

काका काठी टेकत आले. संजूभाऊ खांद्यावर टॉवेल घेऊन मागे. "बाबा, दार उघडं राहू द्या."

"लावून घेतो."

"बाबा..."

"एकच ट्रायल म्हणला ना तू? मंग पुरी होऊ दे."

कडी लावायची नाही एवढं त्यांनी कबूल केलं. दार ओढलं गेलं. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग काठी भिंतीला टेकवल्याचा, आणि मग पाणी. चांगलं, भरदार पाणी.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. संजूभाऊ दाराशी. "बाबा?" आतून उत्तर नाही. पाण्याच्या आवाजात ऐकूच गेलं नसेल. "बाबा!" त्याने दारावर पंजा ठेवला. गजू म्हणाला, "ढकला दार."

"थांबा," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण मी इतक्या मोठ्याने कधी बोलत नाही. मी भिंतीच्या बाहेर, जिथे न्हाणीचं पाणी नालीत पडतं तिथे बोट दाखवलं. पाणी येत होतं. स्वच्छ. आम्ही सगळे तिथे वाकलो.

स्वच्छच येत राहिलं. संजूभाऊने ओठ चावला. मग पाण्यावर पांढरा एक बुडबुडा आला. मागून दोन. मग भळाभळा फेस.

"साबण लागला!" चाचा म्हणाले.

काकूही वाकून बघत होत्या. "आंगाचा का डोक्याचा?"

"बाई, फेसावर लिहिलेलं राहते काय?"

"डोक्याचा जास्त येते. हा आंगाचा होय."

फेस कमी झाला. पाणी पुन्हा स्वच्छ. आणि पुन्हा फेस, या वेळी दुप्पट.

"हा डोक्याचा!" काकू म्हणाल्या. गजूने टाळी वाजवली. संजूभाऊ गुडघ्यावर बसला होता, नालीत बघत, आणि त्याच्या खांद्यावरचा टॉवेल खाली मातीत पडला होता. हळूहळू फेस विरला. निव्वळ पाणी आलं. ते बारीक झालं आणि थांबलं.

दार उघडलं. काका उभे. लुंगी वाकडीतिकडी गुंडाळलेली, केसांतून पाणी ठिबकतंय, अंगातून वाफ निघतेय. समोर आम्ही पाच जण नालीवर वाकलेले.

"काय हरपलं बे तुमचं?"

काकांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती संजूभाऊवर थांबली.

"संज्या. इकडे ये. शर्ट काढ."

"काऊन?"

"पाणी गरम हाये अजून. स्टुलावर बस. पाठ घासून देतो तुही."

संजूभाऊने इस्त्रीचा शर्ट घातला होता. केसांना तेल, कपाळाला गंध. "बाबा, मी सकाळीच आंग धुतलं."

"मी इचारलं काय?"

संजूभाऊने आमच्याकडे बघितलं. चाचा पिशवीतले पाने मोजायला लागले. गजू वर टाकीकडे बघत होता. संजूभाऊने शर्टाची बटणं काढली, शर्ट बाहेरच्या खुंटीला लावला आणि आत गेला. दार बंद झालं.

थोड्या वेळाने नालीतून पुन्हा फेस आला.